सोमवारच्या रात्रीची ओहोटी

ओवेसचं नाव दिसलं तेव्हा समीक्षाला आधी बरं वाटलं. मंगळवारची सकाळ, सात वाजून वीस मिनिटं. नवीन पनवेलमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, चहावर साय धरत होती, आणि शनिवारी जी लायब्ररी तिनं बदलली होती तिच्या बदलांची यादी ती वाचत होती, औषध घेऊन झाल्यावर त्याच्या डबीतला कागद वाचावा तशी. यादी नऊ वर्षांची होती. तारखा मोजायच्या त्या लहानशा, सगळ्यांना फुकट वापरता येणाऱ्या सामानात जगभरच्या अनोळखी माणसांनी काय काय दुरुस्त केलं, ते ओळीओळीनं लिहिलेलं. सहा वर्षांपूर्वीच्या एका ओळीशी ती थांबली. दिवस मध्यरात्रीऐवजी सूर्योदयापासून धरण्याची सोय. सुचवणारे ओवेस, पनवेल. बाकी कुणी नावापुढे गाव लिहिलं नव्हतं. त्यानं लिहिलं होतं. तिला हसू आलं. घेतलं होतं तर त्यांनी. मग कपाकडे गेलेला हात तिथंच राहिला. घेतलं होतं, म्हणजे नव्या आवृत्तीत ते आहेच. आणि शनिवारी तिनं तेच, स्वतःच्या हातानं, पुन्हा एकदा घातलं होतं.

गोष्ट सांगायला सोपी होती. नऊ वर्षांत तिनं ती कितीतरी जणांना सांगितली होती. खाडीकाठच्या तिच्या गावात सोमवार हा सोमवारचा सूर्य उगवल्यापासून मंगळवारचा उगवेपर्यंत असतो. पहाटे पावणेपाचला खाडीत उतरलेली बाई सोमवारच्या रातच्या ओटीला, म्हणजे ओहोटीला, गेलेली असते. कंप्युटरला हे मान्य नाही. त्याचा मंगळवार रात्री बारालाच लागतो, आणि मग सोमवारच्या ओळीत रात्रीची म्हणून जी ओहोटी दिसते ती आदल्या पहाटेची असते, होऊन गेलेली. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एका दिवसाची चूक म्हणजे पन्नास मिनिटांची चूक. म्हणून ओवेसनं, कॉलेजात दोघांनी गावासाठी ओहोटीच्या वेळांचं ॲप केलं तेव्हा, त्या लायब्ररीची एक प्रत वेगळी काढली आणि तिच्यात फेरफार केला: मध्यरात्र ते सूर्योदय यांतल्या वेळा एक दिवस मागे ओढायच्या. अशा प्रतीला फोर्क म्हणतात. ओवेस फाटा म्हणायचा. मूळ रस्ता पुढे जातो, आपण आपल्या गावाला वळतो. तो फाटा नऊ वर्षं तसाच राहिला. आता त्यात भोक निघालं होतं, कुणीही बाहेरून ॲप बंद पाडू शकला असता, आणि महिनाअखेरीपासून सर्व्हर ती जुनी प्रत चालवणारच नव्हता. शनिवारी तिनं फाटा बुजवला, मूळ रस्त्यावर आली, आणि गावाचा दिवस हरवू नये म्हणून वेळा मागे ओढायच्या चार ओळी ॲपमध्ये स्वतः लिहिल्या. मधल्या काळात मूळ रस्ताच गावावरून गेलेला होता. आता वेळा दोनदा मागे ओढल्या जात होत्या. सोमवारच्या रातच्या रकान्यात मंगळवारच्या रातची ओहोटी येऊन बसली होती. खरी चार चाळीसला. दिसत होती साडेपाचला.

आणि साडेपाच हा आकडा नुसता ॲपमध्ये नव्हता. गावात देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा आहे. काळूराम, शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला माणूस, दर रविवारी संध्याकाळी फोन एका हातात धरून आठवड्याच्या वेळा त्यावर उतरवतो. एक रकाना दिसाची ओटी, एक रातची. त्याचे आकडे छापल्यासारखे असतात. खाडीत शिवल्या, खुबे असले शिंपले वेचायला जाणाऱ्या बायकांतली एकही ॲप उघडत नाही. त्या फळा बघतात. रविवारी बारस होती, कुणी गेलं नसणार. तेरस ते बीज या पाचच रात्री पाणी इतकं ओसरतं की नाळेपलीकडचा, खाडीतल्या पाण्याच्या चिंचोळ्या वाटेपलीकडचा, चिखल उघडा पडतो. काल तेरस होती. तेरशीला तिची आई गेली नाही असं तिच्या आठवणीत एकदाच झालं होतं, बाबा वारले त्या वर्षी.

पुढे, रिक्षात, ती पुन्हा पुन्हा याच मिनिटांशी येणार होती, कारण त्या मिनिटांत तिच्या हातांनी जे केलं ते तिला कुणाला सांगता येणार नव्हतं. तिनं आईला फोन केला नाही. तिनं आधी ॲप दुरुस्त केलं. चार ओळी काढल्या, चाचण्या चालवल्या, नवी प्रत सर्व्हरवर चढवली, सोमवारच्या ओळीत चार चाळीस दिसतंय याची खात्री केली. सहा मिनिटं. बोटं अगदी शांत होती. पहाट उलटून गेलेली होती, खाडीत जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं, आणि ती होऊन गेलेल्या ओहोटीची वेळ बरोबर करत होती. सात सव्वीसला तिनं आईचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. काळूरामकाकांचा लावला, वाजत राहिला. सुशांत टॉवेल गळ्यात घालून बाहेर आला, तिचं तोंड बघून थांबला. तिनं सांगितलं, सगळं, क्रमानं, जणू ऑफिसातल्या कुणाला अहवाल देत होती. त्यानं ऐकून घेतलं. आईंना पाणी कळतं, म्हणाला, ऐंशी साली फळा होता का? मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, "आणि फळ्यावर तू नाही लिहिलंस, समीक्षा." तो चांगल्या मनानं म्हणाला होता. ती पायांत चपला सरकवत होती, एक तिची होती आणि एक त्याची, ते तिला दुसऱ्या मजल्यावर कळलं, आणि ती परत वर गेली नाही.

रिक्षावाला म्हणाला, पळस्पे फाट्यावर कंटेनर लागलेत, तासभर तरी हलणार नाहीत. दुसरा रस्ता आहे का, तिनं विचारलं. नाही, म्हणाला, आणि निघाला. थंडी होती. डाव्या पायातली सुशांतची चप्पल मोठी होती, पाय आत घसरत होता. आईच्या घरी जाताना रिक्षात नेहमी जे होतं ते आजही झालं, नाकात आधीच वास आला, ओल्या चिखलाचा, जरा कुजका, जरा गोड. फ्लॅटमध्ये आई राहायला आली की हा वास तिच्या पिशवीतून यायचा. एकदा खालच्या मजल्यावरच्या हेतलनं लिफ्टमध्ये नाकाला रुमाल लावला होता, आणि समीक्षा त्या दिवशी आईला म्हणाली होती, आता बास कर, काय कमी आहे तुला? आईनं विचारलं होतं, कमी काय असायला लागतंय? आठ वर्षं हेच चाललं होतं. गुडघे दुखतात, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, अंधारात नाळ ओलांडायची, हातात नुसती बॅटरी. आठ वर्षं समीक्षा तिला म्हणत होती जाऊ नको, आणि आठ वर्षं दर आठवड्याला तिला जायची वेळ सांगत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं तिला आजपर्यंत वाटलं नव्हतं.

फाट्यावर खरंच कंटेनर लागले होते. बंदराकडे तोंड करून, एकामागे एक, निळे, लाल, गंजके. ड्रायव्हर खाली उतरून दात घासत होते. रिक्षा दोन ट्रेलरांच्या मधे अडकली आणि उजेड गेला. ताई, माणूस आजारी आहे का कोण, रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं. आई, ती म्हणाली. काय झालंय? चार चाळीस आणि साडेपाच, एवढंच तिच्या तोंडात होतं. तिनं मनातल्या मनात त्या पहाटेचा हिशेब मांडायला सुरुवात केली, नको नको म्हणताना. साडेपाचची ओहोटी म्हणजे आई चारला निघणार, दीड तास आधी, तिचा नियम. खऱ्या ओहोटीला दीड तास आधी निघाली असती तर तीन दहाला निघाली असती. म्हणजे उशिरा निघाली. नाळ तिला नेहमीपेक्षा उथळ लागली असणार, घोट्याएवढी, आणि त्याचंच तिला बरं वाटलं असणार. पलीकडे पोचली असेल साडेचारला. चार चाळीसला पाणी खाली टेकलं. पाच वाजता ते फिरलं. पण फळ्यावर साडेपाच, म्हणजे अजून उतरतंय, म्हणजे अजून खूप वेळ आहे. सहाला नाळेत कंबरभर. सव्वासहाला छातीभर. उजेड साडेसहानंतर. इथं हिशेब थांबायला हवा होता. थांबला नाही. आईला पोहता येत नाही, टोपलीची दोरी ती कमरेला बांधते, टोपली भरली की आठ-दहा किलो.

लहानपणी समीक्षा एकदाच गेली होती, नऊ वर्षांची असताना, असल्याच थंडीत. चिखल गुडघ्यापर्यंत आत घ्यायचा आणि सोडताना तोंडानं बोट चोखल्यासारखा आवाज करायचा. आईनं तिला एका जागी उभं केलं होतं आणि सांगितलं होतं, हलू नको, पाय काय सांगतात ते ऐक. रात्रभर उघड्यावर पडलेलं पाणी थंडगार होतं, बोटं बधिर झाली होती. मग कधीतरी, आवाज नाही, लाट नाही, पायांच्या बोटांमधून काहीतरी ऊन सरकलं. कुणीतरी निजल्या जागी कुशीवर वळावं तसं. "कलला?" आई म्हणाली होती. "दर्या ईला. थंडीचे दिसात दर्याचा पानी ऊन असतंय. आता चलायचा." अजून सगळीकडे चिखल उघडाच होता. तरी आई निघाली होती, तिला मनगटाला धरून, मागं न बघता. ते ऊन सरकणं समीक्षाला आजही आठवायचं, कुठंही, मिटिंगमध्ये बसलेली असताना देखील. आणि त्यानंतर ती कधी गेली नाही, कारण बारावी, कारण इंजिनियरिंग, कारण तिला ते पायांनी ऐकणं कायमचं पुरेसं झालं असं वाटलं होतं.

खाडीत मातीचा भराव पडायला लागल्यावर पाणी बिघडलं. मिठागरं गेली, बांध गेले, पाणी पूर्वी जिकडून यायचं तिकडून येईना, आणि तिथीवरून बोटं मोजून वेळ सांगणाऱ्या म्हाताऱ्या चुकायला लागल्या. त्या वर्षी समीक्षा आणि ओवेस कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. ओवेस पनवेलच्या मोहल्ल्यातला, वडील कुवेतला, आई हव्वाबी घरी. दोघांनी नाळेत बांबू रोवला, त्यावर खुणा केल्या, चाळीस दिवस पाणी मोजलं. पहिलं ॲप चाललं त्या दिवशी ओवेसनं आईला सोमवारच्या रातची वेळ दाखवली आणि ती म्हणाली चूक, ही तर होऊन गेली. ओवेसनं समजावलं की काकी, बारा वाजले की मंगळवार लागतो. आई त्याच्याकडे बघत राहिली. "बारा वाजता दिस कसा बदलंल, बाबा? बारा वाजता कोन उठतंय त्याला बदलायला?" कॉलेजातले बाकीचे असते तर हसले असते. ओवेस हसला, पण त्यानं ते वहीत लिहून घेतलं. परतताना मोटरसायकलवर तो म्हणाला, आमच्या घरी गुरुवारी सूर्य बुडाला, मगरिब झाली, की जुम्मा लागतो. मी संध्याकाळी कल जुम्मा है म्हणालो की अम्मी म्हणते, कल काय, लागला. म्हणजे दिवस कुठून सुरू होतो हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. कंप्युटरचं घर आपण का धरायचं? त्यानं ती लायब्ररी लिहिणाऱ्यांना पत्र धाडलं. उत्तर आलं नाही. समीक्षा म्हणाली, ते काय आपलं ऐकणार. पुन्हा धाडलं. आलेल्या उत्तरात दोन प्रश्न होते आणि नकार होता. समीक्षा म्हणाली, सोड, कशाला दारात उभा राहतोस, आपला फाटा आहे ना. तो सोडणारा नव्हता. मग तो दोह्याला गेला, जायच्या आदल्या दिवशी सांगून. तिला राग आला होता, की तिनं तो आणला होता. इतक्या वर्षांनी नेमकं सांगता आलं नसतं.

कंटेनर हलले. रिक्षा दोन हात पुढे गेली आणि थांबली. तिनं त्याला मेसेज लिहिला, सात पन्नास झाले होते, तिकडे पहाटेचे पाच वीस. तुझा बदल त्यांनी घेतला होता हे मला का नाही सांगितलंस? लिहिताना तिला जाणवलं की ती कुणाकडे तरी हे देऊ बघते आहे, हातातलं जड काहीतरी, क्षणभर तरी. उत्तर लगेच आलं. तो जागा होता. "सांगितलं होतं. मेल बघ." मग, काय झालं? मग, काकी बरी ना? तिनं उत्तर दिलं नाही. मेल शोधायला वेळ लागला नाही. सहा वर्षांपूर्वीचा, तिच्या लग्नाच्या आठवड्यातला, नंतर वाचू म्हणून बाजूला टाकलेल्या ढिगात, ठळक अक्षरांत, न उघडलेला. त्यांनी घेतलं, लिहिलं होतं. तीन वर्षं भांडलो. आता फाटा काढून टाक, गरज नाही. ॲपमध्ये मी दिवस सूर्योदयापासून धरायची जी ओळ लिहिली आहे ती तेवढी ठेव, नव्या आवृत्तीत तीच चालेल, वेगळं काही करू नकोस. काकींना सांग, बारा वाजता दिवस बदलायला आता कोणी उठणार नाही.

ती ओळ तिनं ठेवली होती. हेच सगळ्यात वाईट होतं. शनिवारी फाटा काढताना ती ओळ समोर आली होती, ओवेसच्या हातची, आता कशालाच न जोडलेली, मेलेली, असं तिला वाटलं. नियमानं काढायला हवी होती. मेलेल्या ओळी ठेवू नयेत हे ती ऑफिसात नव्या पोरांना शिकवते. तिनं ती राहू दिली. कुणाचं काही बिघडवत नाही, म्हणाली मनाशी, त्याची आठवण. आणि मग तिच्याखाली स्वतःच्या चार ओळी लिहिल्या, जपून, प्रत्येक अक्षर तपासून, चाचणी लिहून. चाचणी पास झाली. चाचणी फक्त तिच्या चार ओळींना विचारत होती की तुम्ही तुमचं काम केलंत का, आणि त्यांनी केलं होतं. वरची ओळ जिवंत होती आणि तीही आपलं काम करत होती. शनिवारी रात्री निजताना तिला फार समाधान वाटलं होतं. नऊ वर्षांचं एक जुनं काम नीट झालं, आणि गावाचा दिवस, जो जगात कुणालाच ठाऊक नाही, तो मी एकटीनं सांभाळला. कुणालाच ठाऊक नाही. ही कल्पना तिनं किती वर्षं जपली होती, आणि तिच्यात किती सुख होतं. बाहेर कुणीतरी ऐकलेलं आहे हे तिनं एकदा यादीत बघितलं असतं, दहा मिनिटं, शनिवारी, आधी, तर. काम करून झाल्यावर यादी वाचली. आधी वाचायची असते.

गव्हाण फाट्याच्या अलीकडे काळूरामकाकांचा फोन कुणीतरी उचलला. बाईमाणूस होतं, मागं कुकर वाजत होता. फोन घरी ठेवून गेलेत, ती म्हणाली. कुठे? दवाखान्यात. कुणाला घेऊन? एवढ्यात रेंज गेली, की तिकडून फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तेव्हा दुसऱ्या फोनवर व्यस्त. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि काही न विचारता कच्च्या कडेनं गाडी काढली. उलव्याचे टॉवर दिसायला लागले, अर्धे विटांचे, अर्धे नुसते खांब, वर क्रेनी स्तब्ध. देवाचं नाव घ्यावं असं वाटलं तर तोंडात आलं चार चाळीस. दवाखान्यात नेलं म्हणजे माणूस सापडलं आहे. सापडलेल्याला दवाखान्यात नेतात, ते कसंही असो. आई असेल तर काळूरामकाकांनी आपल्याला कळवलं असतं. फोन घरी आहे. नंबर त्यांना पाठ असेल? शिपाई होते, शाळेतल्या सगळ्या मुलांची नावं पाठ होती. नंबर वेगळे. ती हे सगळं एकामागून एक तपासत होती, सकाळी चाचण्या तपासल्या तशाच थंडपणे, आणि तिला स्वतःची भीती वाटली.

देवळापाशी रिक्षा थांबली. आठ वाजून चाळीस. फळ्याखालच्या ओट्यावर तिची आई, मालू, बसलेली होती. साडी मांड्यांपर्यंत ओली, वर चिखल सुकून राखाडी झालेला, खांद्यावर कुणाचीतरी कोरडी चादर. हातात स्टीलचा पेला. दोन बायका तिच्या बाजूला उभ्या होत्या, त्या समीक्षाला बघून जरा सरकल्या. समीक्षा धावली नाही. रिक्षावाल्याला पैसे द्यायचेत हेही सुचलं नाही, तो आपणहून खाली उतरून लांब उभा राहिला. तू कशी काय आज, आई म्हणाली, आणि तिच्या पायांकडे बघितलं. एक चप्पल काळी, एक तपकिरी. आई हसली नाही.

आई सांगत होती ते तिच्याकडे बघून नव्हे, पेल्याकडे बघून. कुमुद होती सोबत, शेजारची, पंचवीसची, पहिल्यांदाच नेली होती. तिच्या सासूनं आईच्या भरवशावर धाडली होती. काळूरामकाका पुतण्याच्या गाडीतून तिला घेऊन गेलेत. नाळेत पाणी भरल्यावर दोघी खालच्या अंगानं, कालवांच्या खडकांवरून आल्या. कुमुदचा तळवा टाचेपासून बोटांपर्यंत फाटला. शिवायला लागेल. रक्त फार गेलं. टोपल्या सोडून दिल्या, आईचा फोन टोपलीत होता. मग ती थांबली. पेला ओट्यावर ठेवला.

"ती मना म्हनत व्हती, काकी, पानी ऊन लागतंय. पयलेच दिशी कलला तिला. मना बी कलला व्हता. पायाला ऊन लागला तवा. मी म्हनली, नाय गो, फल्यावर साडेपाच हाय, अजून येल हाय. वेच." तिनं तोंडावरून हात फिरवला, चिखल गालाला लागला. "मी थांबवली तिला."

बाजूची एक बाई म्हणाली, तुजी काय चूक, मालू, भरावानं पानी येडा झालाय. आता जायाची नाय मी, आई म्हणाली. पुरे झाला. पोरीचा पाय गेला आसता, जीव गेला आसता, मी काय तोंड दाखवनार? मग समीक्षाकडे पहिल्यांदा नीट बघून, थकलेल्या आवाजात, "तुजे घरी येतंय मी. तू म्हनतेस ना."

सगळं तिथं होतं. आठ वर्षं मागितलेलं, मागायचं सोडून दिलेलं, ओट्यावर ठेवलेल्या पेल्याइतकं जवळ. काही बोलायचं नव्हतं. नुसतं बस म्हणायचं होतं रिक्षात. ॲप दुरुस्त झालेलं होतं. काळूरामकाका येत्या रविवारी बरोबर वेळा लिहितील. ओवेस दोह्यात आहे. सुशांत म्हणेल बरं झालं. आई खोलीतल्या खिडकीपाशी बसेल, पाय कोरडे, आणि मरेपर्यंत कुमुदचा पाय आपल्या भरवशावर फाटला असं मानत राहील, आणि आपले पाय तिला खरं सांगत असताना ते खोटे आहेत असं आपण ठरवलं हे विसरणार नाही. ती सुरक्षित असेल. समीक्षाला ते इतकं हवं होतं की तिच्या तोंडाला पाणी सुटलं, भुकेनं सुटतं तसं.

ती फळ्यापाशी गेली. खाली खिळ्याला टांगलेल्या पत्र्याच्या डबीत खडूचे तुकडे होते, ओलसर, फडकं नव्हतं. तिनं ओढणीच्या टोकानं सोमवारच्या ओळीतलं साडेपाच पुसलं. पूर्ण गेलं नाही, मागं धुरासारखं राहिलं. त्यावर तिनं लिहिलं, चार चाळीस. काळूरामच्या आकड्यांशेजारी तिचे आकडे लहान मुलाचे वाटत होते. मंगळवारच्या ओळीत सहा वीस होतं. ते पुसून तिनं लिहिलं, साडेपाच. बुधवार पुसला. गुरुवार पुसला. एकेक आकडा एकेक घर खाली येत होता. आईला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. दिसतात फक्त उजव्या डोळ्यानं. शनिवारपर्यंत पोचल्यावर समीक्षा वळली.

"मी चुकवलं. शनिवारी. ॲपमध्ये," ती म्हणाली. "भराव नाही. पाणी बरोबर होतं. तुझे पाय बरोबर होते."

दोन बायकांतली एक दुसरीच्या तोंडाकडे बघू लागली. आई बराच वेळ फळा बघत राहिली, सोमवार, मंगळवार, सोमवार. मग तिनं विचारलं, तुना कवा कलला?

"सात वीसला."

"मना पाचला कलला व्हता," आई म्हणाली.

त्यात राग असता तर समीक्षाला तो घेता आला असता. आई उठली, एक हात भिंतीला लावून, गुडघा सरळ होईपर्यंत थांबली. चादर घडी घालून ज्या बाईची होती तिच्या हातात दिली. नळावर जाऊन तिनं पाय धुतले, एकावर एक घासून, आणि पाणी चिखलाचं, मग गढूळ, मग स्वच्छ झालं तरी धूत राहिली. कुमुदचे घरी तू ये माजेबरोबर, म्हणाली, ह्याच सांगायचा, आसाच. समीक्षानं मान डोलावली. मग पाठमोरीच, नळ बंद करता करता, आईनं विचारलं, "आज रातची कवा?"

समीक्षानं फळ्याकडे बघितलं. मंगळवारच्या ओळीत, तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात, कालचाच आकडा होता.

"साडेपाच."

"नीट बघून सांग."

तिनं फोन काढला. ॲप उघडलं, मंगळवार काढला. मग ते बंद केलं, आणि अमावास्या किती दूर ते बोटांवर मोजलं, लहानपणी म्हाताऱ्या मोजायच्या तसं, दिवस सूर्योदयापासून धरून. आई नळापाशी उभी राहिली होती, ओल्या पायांनी, वाट बघत.

"साडेपाच," समीक्षा म्हणाली.